पायाळू बाईची कंबर

लग्नानंतर अकराव्या दिवशी मी माझ्या सासऱ्यांना लाथ मारली.

एक नाही, तीन मारल्या. अंगणात, घरच्या सगळ्यांसमोर, डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून! आणि सासूबाई शेजारी उभ्या राहून मलाच धीर देत होत्या, "मार वो माय, लाजू नोको. खाली सासरा हाये असं समजूच नोको!"

झालं होतं असं, की मामंजींच्या कमरेत उसण भरली होती. उठता येईना की बसता येईना. तेवढ्यात कुणीतरी माझ्या माहेराहून बातमी आणली, की नवी सून पायाळू आहे. पायाळू म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पायांनी बाहेर आलेलं माणूस. अशा माणसानं उसण भरलेल्या कमरेला सकाळच्या पारी तीन वेळा पाय लावला, की उसण निघून जाते असा आमच्याकडचा समज. अट एकच. तिसरा पाय लागेपर्यंत देणाऱ्यानंही बोलायचं नाही, घेणाऱ्यानंही नाही. (आईला बाळंतपणात मरणाच्या दारात नेऊन परत आणलं, त्याबद्दल मला मिळालेलं हे बक्षीस.)

मी पाय इतका हळू लावला, की तिन्ही होऊन गेले तरी मामंजी वाट बघतच पडलेले. शेवटी ओरडले, "अवो, ह्या काय लाथा हायेत? जोरानं मार, पोरी!" मग दुसऱ्या फेरीत मी सासरच्या अकरा दिवसांची सगळी भडास काढली. मामंजी ताडकन उठून उभे राहिले. उसण गेली म्हणून उठले की माझ्या भीतीनं, ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

तेव्हापासून चाळीस वर्षं मोताळ्यात आमच्या अंगणात माणसं पालथी पडत आली आहेत. मोठमोठी माणसं! निवडणुकीत मिशीला पीळ देऊन मतं मागणारे माझ्यासमोर नाक जमिनीला लावून पडलेले मी पाहिलेत. खरं सांगू? पायात काही गुण आहे की नाही, मला माहीत नाही. साधी उसण चार दिवसांत आपोआपही जाते म्हणतात. बदल्यात काही घ्यायचं नसतं, पण चहा द्यायला बंदी नाही. लाथ क्षणभराची, चहा अर्ध्या तासाचा. आमचे हे गेल्यापासून मी त्या चहासाठीच लाथा मारत होते असं म्हटलं तरी चालेल.

(लिहिताना मी मला-तुला लिहिते. बोलताना मले-तुले. शाळेत बाईंनी छड्या मारून एवढं तरी शिकवलं.)

तर अशा या पायाळू बाईची स्वतःचीच कंबर गेली.

तीस वर्षं शिलाई मशीनवर वाकून गावाचे ब्लाउज शिवले, त्याचं फळ. आधी नुसती कंबर दुखायची. मग ते दुखणं डाव्या मांडीतून पोटरीत उतरलं. बसलं की कळ, उभं राहिलं की मुंग्या. गावात दुसरं पायाळू माणूस नाही, आणि स्वतःला लाथ मारता येत नाही. हे मी ऐकीव सांगत नाही, मी करून पाहिलं! बाजेवर पालथी पडून उजवा पाय मागून कमरेवर आणायचा प्रयत्न केला. पाय अर्ध्यात आला, पोटरीत गोळा आला, आणि मी तशीच अडकले. शेजारच्या सुमनबाई विरजण मागायला आल्या, तेव्हा मी अशी पडलेली.

"काऊन वो शकुबाई, हे काय करून राह्यल्या?"

"योगासन."

"कोन्तं?"

"आधी पाय सोडवा, मंग नाव सांगतो!"

मग पुण्याहून प्रशांत, म्हणजे माझा मुलगा, आला आणि मला घेऊन गेला. तिथं त्या बोगद्याच्या मशीनमध्ये मला सरकवलं. आत अर्धा तास नुसती ठोकाठोकी. मी मनात म्हटलं, माझे मणके मोजतायत की नवे बसवतायत? रिपोर्ट आला. कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी सरकून शिरेवर दाबली होती. ऑपरेशनवाल्या डॉक्टरांनी मला पायाचा अंगठा वर उचलायला लावला, टाचेवर चालवलं, चवड्यावर चालवलं. म्हणाले, "ऑपरेशन केलं तर पायातली कळ लवकर थांबेल. पण पायात ताकद आहे, लघवीचा काही त्रास नाही, म्हणजे घाई नाही. थोडे दिवस व्यायाम करून पाहिला तरी चालेल. निर्णय तुमचा."

निर्णय तुमचा! बासष्ट वर्षांत हे वाक्य मला पहिल्यांदा कुणी म्हटलं. लग्न बापानं ठरवलं, घर सासूनं चालवलं, पोरांची नावं आत्यांनी ठेवली. आणि आता एकदम हे! मी इकडंतिकडं पाहिलं, मागं दुसरं कुणी बसलंय का म्हणून.

परत आल्यावर ज्योती, म्हणजे माझी मुलगी, नागपूरहून फोनवर कडाडली, "दादाचं काही ऐकू नकोस. आधी बुलडाण्याला दाखव." म्हणून राजूर घाटातली सगळी वळणं कमरेवर झेलत एसटीनं बुलडाण्याला गेले. तिथले डॉक्टर म्हणाले, "दोन महिने नेमानं व्यायाम करा, थोडं वजन उतरवा. बहुतेकांना बरं वाटतं. नाहीच वाटलं, तर ऑपरेशन आहेच." व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनी उताणं पाडून कंबर वर उचलायला लावली. दहापर्यंत मोजायचं, मग खाली ठेवायची. म्हणजे चाळीस वर्षं मी लोकांना पालथं पाडलं, आणि आता माझी उताणं पडायची पाळी.

आता घरात दोन पक्ष झाले. प्रशांत ऑपरेशनचा, ज्योती व्यायामाची. गाव ज्योतीच्या बाजूनं, पण कारण वेगळं!

"ऑपरेशन करू नोको वो माय," सुमनबाई म्हणाल्या, "एखादी शीर कापल्या गेली तं पायातला गुण जाईन. मंग आमी कोनाकडं जाचं?"

माझं काय होईल, हे कुणी विचारलं नाही. गावाला फक्त उजव्या पायाची काळजी. पण येत होते हो सगळे! कुणी निरगुडीचा पाला आणला, कुणी एरंडाचं तेल, कुणी विटेचा शेक सांगितला. बाजाराच्या दिवशी तर पिशव्या घेऊनच घरी यायचे, मेथी निवडत माझ्या कमरेवर चर्चा करायचे आणि देठं टाकून जायचे.

आणि फोन! पूर्वी प्रशांतचा फोन रविवारी. "जेवलीस का? बरी आहेस ना? ठेवतो." ज्योतीचा कधी बुधवारी, कधी विसरला. मधले दिवस मी टीव्ही चालू ठेवायची. बघायला नाही, घरात आवाज असावा म्हणून. एका माणसाची भाकरी थापायला कंटाळा यायचा, तर दोन थापायची आणि दुसरी दुसऱ्या दिवशी खायची. आता मात्र सकाळी ज्योती, संध्याकाळी प्रशांत. रोज! दोघं एकमेकांवर कडी करायला बघायचे. ती अर्धा तास बोलली, की तो चाळीस मिनिटं. "ती काय म्हणाली? अगं, तिला काय कळतं?" मी मधल्यामधी दोघांना थोडं थोडं पेटवत ठेवायची. लाज वाटायची, पण गोडही वाटायचं.

ऑपरेशनला हो म्हटलं, तर एका दिवसात भांडण मिटणार. नाही म्हटलं तरी मिटणार. म्हणून मी म्हणायची, "विचार करून राह्यली ना बाप्पा. घाई कायची हाये?"

घोटाळा पुढंच झाला. सहाव्या आठवड्यात माझी कंबर बरी झाली!

व्यायाम मी खरंच नेमानं करत होते. एका सकाळी उठले, न्हाणीपर्यंत गेले, आणि ध्यानात आलं की आज पायात कळच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवड्याभरानं मी पाण्याची कळशी उचलून पाहिली. काही नाही! (डॉक्टरांनी कळशी उचलू नका सांगितलं होतं. पण खात्री कशी करायची?) मी आनंदानं फोन हातात घेतला. मग खाली ठेवला. संध्याकाळी प्रशांतनं विचारलं, "आई, काही फरक?"

मी म्हटलं, "कायचा फरक? हाये तसंच हाये."

पहिलं खोटं जड गेलं. नंतर सवय झाली. कण्हण्याचेही प्रकार असतात, हे मला तेव्हा कळलं. बसताना वेगळं, उठताना वेगळं, आणि फोनवर लांबून ऐकू जाईल असं तिसरंच. ते मी रिकाम्या घरात म्हणून बघायची.

मग एक दिवस दोघांचा एकत्र फोन आला. "आम्ही दोघं येतोय. चार दिवस रजा घेतली. एकदा समोरासमोर बसून ठरवूच."

दोघं एकदम! यांच्या तेराव्यानंतर ती दोघं या घरात एकत्र जेवली नव्हती. मी येड्यासारखी घरभर फिरले. मग आठवलं, आपण तर आजारी आहोत! पण पोरं येणार आणि घरी रोडगे नाहीत? मी पहाटे उठून कणीक तिंबली, गोवऱ्या रचल्या, त्यात रोडगे भाजले, वांग्याची भाजी केली, आंघोळ करून पलंगावर आडवी पडले आणि कण्हायला लागले. तेवढ्यात गाडी दारात.

"हे कोणी केलं?" ज्योतीनं पातेल्यावरचं झाकण काढत विचारलं.

"सुमनबाईनं. लय करतात बिचाऱ्या माझ्यासाठी."

सुमनबाई दारातच उभ्या होत्या. त्यांच्या भाजीत मीठ शोधावं लागतं, हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी कण्हले. प्रशांत चार रोडगे खाऊन म्हणाला, "काकू, तुमच्या हाताला तर आईचीच चव आहे!" बाईंनी पदर सावरून म्हटलं, "हाव ना, मलेही तेच वाटते."

पुढचे तीन दिवस मी कधी विसरणार नाही. ज्योती माझी वेणी घालायची. प्रशांत, जो कधी कुणाच्या पायाला हात लावत नाही, तो तेल घेऊन माझी डावी पोटरी चोळायचा. वर दोघांचं भांडण चालूच. त्याच्या लॅपटॉपवर मणक्याची चित्रं, तिच्या हातात व्यायामाचे कागद. "तू काय डॉक्टर आहेस का?" "तू आहेस का?" लहानपणी खिडकीच्या जागेवरून भांडायचे, अगदी तसेच. मी मधे पडलेली, डोळे मिटून ऐकत. मनात म्हणायची, शकुंतले, तू पापी बाई आहेस. आणि मग म्हणायची, राहू दे अजून एक दिवस.

तिसऱ्या दिवशी ज्योती अचानक कागद खाली ठेवून म्हणाली, "दादा, तुझं बरोबर आहे. दोन महिने व्यायाम करून हिला कणभर फरक नाही. नाहीच वाटलं तर ऑपरेशन, असं बुलडाण्याचे डॉक्टरही म्हणालेच होते. आता तेच करू."

मी डोळे उघडले.

"शनिवारी पुण्याला निघू," प्रशांत म्हणाला. "सोमवारी दाखल. मग दोन महिने आई माझ्याकडेच राहील."

आता आली का पंचाईत! माझ्याच खोटेपणानं माझ्याच व्यायामाला हरवलं होतं. ठणठणीत कंबर घेऊन मी सुरीखाली चालले होते. सांगावं तर तोंड काळं, आणि संध्याकाळी दोघं आपापल्या गावी. न सांगावं तर पाठीवर टाके. पण माझ्या कानात एकच शब्द राहिला होता. दोन महिने. दोन महिने घरात माणसं! सकाळी कुणीतरी उठेल, दार वाजेल, भांडी पडतील, कुणीतरी विचारील, 'आई, चहा घेतेस?' आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण मी खरंच म्हटलं, "ठीक हाये. करू ऑपरेशन."

तिथले डॉक्टर आधी तपासतील, हे माहीत होतं. पण कण्हण्यात मी आता तरबेज झाले होते!

शनिवारी सकाळी गाडी दारात लागली आणि ज्योतीनं दार उघडलं, तर अंगणात माणसं. बसलेली, वाकलेली, भिंतीला धरून उभी. आणि मधोमध पिंपळगाव राजा या गावचे भास्करराव, एवढा धिप्पाड माणूस, टेम्पोतून बाजेसकट उतरवलेला!

"मावशी, ऑपरेशननं गुण गेला तं?" भास्करराव बाजेवरूनच बोलले. "म्हणून म्हटलं, जाच्या आधी एक फेरी मारून घ्या. मी तं मरून राह्यलो."

"ज्याची आज दुखत नाही थो बी आला," सुमनबाई म्हणाल्या. "पुढं दुखली तं?"

आगाऊ लाथ! हे माझ्या चाळीस वर्षांत झालं नव्हतं. प्रशांत ओरडला, "अहो, तिला उभंही राहवत नाही! काय चाललंय हे?" पण तोवर सगळे धडाधड पालथे पडले होते. अकरा जण, ओळीनं, अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि मला काय झालं कुणास ठाऊक. माझ्यासाठी आलेली एवढी माणसं पाहून मी सगळं विसरले! पदर खोचला, पायरी उतरले आणि सुरू केलं.

आता पाय लागला की मला बोलायला बंदी, ओ दिली की लाथ वाया. प्रशांत "आई!" म्हणायला गेला, तर अकराच्या अकरा जणांनी पडल्यापडल्या तोंडावर बोट ठेवलं! सुमनबाईंनी तर त्याचं तोंडच दाबलं. तो हातवारे करतोय, ज्योती कपाळाला हात लावतेय, आणि मी चाललेय, एकेकाला तीन, एकेकाला तीन. शेवटी भास्करराव. त्यांना हलक्या पायानं काही कळणार नाही म्हणून मी डाव्या पायावर तोल धरला, उजवा पाय मागं नेला, आणि दिले तीन ठेवून. भास्करराव बाजेवरून उठले, उभे राहिले आणि म्हणाले, "मावशी, एवढा जोर तं गेल्या साली बी नव्हता!"

अंगण खूश. मी घामेघूम. मागं वळले, तर प्रशांत हाताची घडी घालून उभा.

"आई, कुठला पाय दुखतो तुझा?"

"डावा."

"तेहतीस लाथा मारल्यास. तेहतीस वेळा नुसत्या डाव्या पायावर उभी होतीस."

मी कण्हले. पण त्या कण्हण्यात आता दम राहिला नव्हता.

ज्योती आधी चिडली. "म्हणजे व्यायामानं बरं झालं होतं? मी जिंकले होते? आणि तू मला हरवलंस?" मग तिला हसू आलं, मग रडू आलं, मग काय येतंय ते तिलाच कळेना. प्रशांत मात्र हसला नाही. गाडीचं दार लावून तो माझ्याजवळ पायरीवर बसला. दहा वर्षं पुण्याची भाषा बोलणारा माझा मुलगा हळूच म्हणाला, "काऊन केलं वो आई असं?"

मी म्हटलं, "तुमी रोज फोन करून राह्यले होते ना."

बस. एवढंच सांगितलं. तेवढ्यात सुमनबाईंनी आत जाऊन सगळ्यांसाठी चहा टाकला. (साखर विसरल्या. सगळ्यांनी तसाच प्यायला.)

पुण्याचं ऑपरेशन प्रशांतनं फोन करून रद्द केलं. बुलडाण्याच्या डॉक्टरांनी पुन्हा तपासून सांगितलं, कंबर छान आहे, पण व्यायाम सोडला तर दुखणं परत येईल. शिवाय लाथा बंद. ते ऐकून गाव आठवडाभर सुतकात होतं. आता माणसं नुसती चहाला येतात. तितकी येत नाहीत, पण येतात.

आणि दोघांनी माझ्यावर पहारा बसवला. रोज संध्याकाळी सात वाजता दोघांचा एकत्र व्हिडिओ फोन. मी फोन डब्याला टेकवून ठेवते, चटईवर उताणी पडते आणि कंबर वर उचलते. एक तिकडून मोजतो, दुसरी म्हणते, "दादा, तू फार भरभर मोजतोस!" मी जिथं हलेन तिथं दहाही वेळा पुन्हा पहिल्यापासून, असा ज्योतीचा कायदा. दहा वेळा व्यायाम झाला, की "छान, आई, उद्या बोलू," म्हणून दोघं फोन ठेवतात. मग घर एकदम गप्प होतं.

म्हणून नववी वेळ झाली, की मी मुद्दाम हलते.

ज्योतीला वाटतं, कंबर अजून कच्ची आहे. परवा प्रशांत चिंतेनं म्हणाला, "आई, तुझी नववीच्या पुढं गाडी जात नाही गं." मी म्हटलं, "नाही ना बाप्पा. शाळेतही नव्हती गेली!"